मॅट कागदावर बुजलेले गडद भाग : इंकजेट प्रिंटर आणि कागदासाठी स्वतंत्र रंग-प्रोफाइल तयार करण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील छायाचित्रकार आपल्या प्रदर्शनांच्या प्रिंट स्वतःच काढतात. त्यांच्याकडे पिगमेंट शाईचा, सतरा इंच रुंदीचा इंकजेट प्रिंटर आहे आणि त्यात चकाकीच्या कागदासाठी फोटो ब्लॅक व मॅट कागदासाठी मॅट ब्लॅक अशा दोन वेगळ्या काळ्या शाया आहेत. नव्या प्रदर्शनासाठी त्यांनी दोन कागद निवडले होते. एक होता बेरियम सल्फेटचा थर असलेला, मंद चकाकीचा बरायटा कागद, ज्यात शुभ्रता वाढवणारी द्रव्ये (व्यवहारात ज्यांना ब्राइटनर म्हणतात ती) मिसळलेली होती. दुसरा पूर्णपणे कापसाच्या तंतूंचा, ब्राइटनर नसलेला, पांढऱ्यातही किंचित उबदार दिसणारा मॅट कागद होता. मालिकेतील बरीच छायाचित्रे अल्प प्रकाशात टिपलेली होती. काही रंगीत, काही कृष्णधवल, आणि ती भिंतीवर एकमेकांशेजारी लागणार होती. ही शेवटची बाब सुरुवातीला कोणालाच फारशी महत्त्वाची वाटली नव्हती. पुढे तिने एक निर्णय बदलायला लावला.

मॉनिटर नियमितपणे कॅलिब्रेट केलेला होता आणि त्याची उजळता १०० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास ठेवलेली होती. दोन्ही कागदांसाठी उत्पादकांनी दिलेली तयार प्रोफाइल्स (प्रिंटर त्या कागदावर रंग कसे उमटवतो याचे वर्णन करणाऱ्या फाइली) वापरली जात होती. म्हणजे सामान्यतः जेवढी काळजी घ्यावी असे सांगितले जाते, तेवढी आधीच घेतलेली होती.

अडचण

बरायटा कागदावरच्या प्रिंट बहुतांशी समाधानकारक होत्या. तक्रार एवढीच होती, की कृष्णधवल चित्रांतील मधल्या करड्या छटांवर थंड, निळसर झाक दिसे. मॅट कागदावरची स्थिती मात्र वाईट होती. झाडांच्या सालीवरचा पोत, काळ्या कापडाच्या चुण्या, अंधाऱ्या दारामागचा तपशील हे सारे मॉनिटरवर स्पष्ट दिसत असूनही कागदावर एकाच सपाट काळ्या डागात मिसळून जात होते. त्याहून विचित्र म्हणजे काही प्रिंटमध्ये सर्वांत काळा भाग त्याच्या शेजारच्या, किंचित उजळ असायला हव्या अशा भागापेक्षा फिकट दिसे.

छायाचित्रकारांनी काढलेला निष्कर्ष स्वाभाविक होता : तयार प्रोफाइल आपल्या प्रिंटरला लागू पडत नाही, तेव्हा स्वतंत्र प्रोफाइल बनवून घ्यावे. हा निष्कर्ष अर्धाच खरा होता. तो अर्धाच का खरा होता हे समजण्यासाठी प्रोफाइल नेमके काय करते, हे थोडक्यात सांगणे भाग आहे.

इंटरनॅशनल कलर कन्सोर्शियम ही संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली आणि तिने ठरवलेला प्रोफाइलचा साचा आज आयएसओ १५०७६-१ या मानकात आहे. प्रिंटरच्या प्रोफाइलमध्ये मुख्यतः दोन दिशांचे तक्ते असतात. पहिला सांगतो, की अमुक आरजीबी (लाल, हिरवा, निळा यांचे) आकडे पाठवले तर कागदावर कोणता रंग उमटतो. दुसरा त्याच्या उलट, अमुक रंग हवा असेल तर कोणते आकडे पाठवावेत हे सांगतो. हा रंग डी५० प्रकाशाच्या (दिवसाच्या प्रकाशाच्या एका प्रमाणित रूपाच्या) संदर्भात, लॅब किंवा एक्सवायझेड या रंग आकड्यांत मांडण्याच्या पद्धतींतील मूल्यांत मोजला जातो. पहिला तक्ता मोजमापातून येतो, दुसरा गणिताने त्याच्यावरून काढला जातो. प्रिंटर किती शाई टाकणार, कोणती काळी शाई वापरणार, शाई फवारणारे हेड किती फेऱ्या मारणार यांपैकी काहीही प्रोफाइल ठरवत नाही. ते सगळे ड्रायव्हरमधील (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील) मीडिया टाइपच्या, म्हणजे कागदाच्या प्रकाराच्या, सेटिंगने आधीच ठरलेले असते. प्रोफाइल त्या सेटिंगखालच्या वर्तनाचे वर्णन करते, आणि वर्तनच सदोष असेल तर त्याचे कितीही अचूक वर्णन केले तरी दोष जात नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता प्रत्येक चित्र हाताने सुधारण्याचा. गडद भाग उचलून, प्रिंट काढून, पुन्हा उचलून काम भागवता येते आणि दोन-तीन चित्रांपुरते ते शहाणपणाचेही असते. पण संपूर्ण मालिकेसाठी त्यात कागद व शाई फार जाते आणि एका चित्रातून शिकलेले दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

दुसरा पर्याय दूरस्थ प्रोफाइल सेवेचा होता : सेवा देणाऱ्याने पाठवलेला चाचणी तक्ता (ठरावीक रंगांच्या चौकोनांचे पान) आपल्या प्रिंटरवर छापायचा, वाळवून पाठवायचा आणि तयार प्रोफाइल मिळवायचे. एक-दोन कागदांपुरती गरज असणाऱ्याला माझ्या मते हाच पर्याय सर्वांत योग्य असतो. त्यात एकच उणीव आहे, पण ती या प्रकरणात निर्णायक ठरली असती : तक्ता छापताना निवडलेली सेटिंग योग्य होती की नाही, हे पलीकडच्या माणसाला सहसा कळत नाही आणि विचारलेही जात नाही.

तिसरा पर्याय स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग मोजणारे उपकरण, मिळवून स्वतः मोजमाप करण्याचा होता. छायाचित्रकारांच्या परिचितांकडे असे उपकरण होते आणि प्रोफाइल बनवण्यासाठी आर्गिल सीएमएस हे मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध होते. चौथा पर्याय फक्त कृष्णधवल चित्रांसाठी होता : ड्रायव्हरमधील खास कृष्णधवल पद्धत वापरायची, जिच्यात काळ्या व करड्या शायांवर भर असतो आणि रंगीत शाया अगदी थोड्या पडतात, त्यामुळे वेगवेगळ्या प्रकाशांत करडेपणा बऱ्यापैकी स्थिर राहतो.

छायाचित्रकारांनी तिसरा पर्याय निवडला आणि कृष्णधवल चित्रांसाठी चौथा राखून ठेवला. सल्लागार म्हणून माझा सहभाग इथून पुढचा आहे.

पहिला प्रयत्न

चाचणी तक्ता छापताना सर्वांत आधी सांभाळायची गोष्ट म्हणजे वाटेत कुठेही रंगव्यवस्थापन लागू होता कामा नये. हे वाटते तितके सोपे राहिलेले नाही. फोटोशॉपच्या २०१० सालच्या सीएस५ आवृत्तीपासून रंगव्यवस्थापनाशिवाय छापण्याचा पर्याय काढून टाकण्यात आला आणि त्यासाठी अ‍ॅडोबी कलर प्रिंटर युटिलिटी हा स्वतंत्र छोटा प्रोग्रॅम देण्यात आला; मॅकवर कलरसिंक युटिलिटीतही तक्ता म्हणून छापण्याची सोय आहे. आम्ही काही रंगचौकोन दोन वेगवेगळ्या प्रोग्रॅममधून छापले आणि त्यांची मोजमापे ताडून पाहिली. दोन्ही वाटांनी आलेले रंग मोजमापाच्या चुकीइतक्या फरकात जुळले, तेव्हा कुठे वाटेत रूपांतर होत नसल्याची खात्री धरता आली.

मॅट कागदासाठी पहिला तक्ता ९१८ चौकोनांचा होता आणि मीडिया सेटिंग कागदाच्या पाकिटावर सुचवलेलीच ठेवली होती. नोझल तपासणी केली, प्रिंट एक दिवस उघड्यावर वाळू दिल्या, मग मोजमाप करून प्रोफाइल बनवले. पडताळणीसाठी मूळ तक्त्यात नसलेले वेगळे चौकोन घेतले, कारण ज्या चौकोनांवरून प्रोफाइल बनले त्यांच्यावरच ते तपासले, तर गणित स्वतःशी किती जुळते एवढेच कळते. हे चौकोन नव्या प्रोफाइलमधून, अ‍ॅब्सोल्यूट कलरिमेट्रिक पद्धतीने (रंग कागदाच्या पांढऱ्याशी न जुळवता) छापून मोजल्यावर डेल्टा ई २००० ची, म्हणजे हवा असलेला आणि उमटलेला रंग यांतील फरकाच्या मापाची, सरासरी सुमारे १.४ आली. इंकजेटसाठी ही चांगली सरासरी म्हणता येईल.

प्रत्यक्ष छायाचित्र छापले तेव्हा गडद भाग मात्र पूर्वीइतकेच बुजलेले होते. त्वचेचे रंग सुधारले, हिरवा अधिक खरा आला, पण ज्या तक्रारीसाठी हा सगळा खटाटोप केला ती तक्रार तशीच राहिली.

या टप्प्यावर दोन मार्ग समोर होते. छायाचित्रकारांचा कल चौकोनांची संख्या दुप्पट करून पुन्हा मोजण्याकडे होता आणि बहुतेक जण तेच करतात. माझे म्हणणे असे होते, की सरासरी १.४ असताना अडचण मोजमापाच्या तुटपुंजेपणाची असण्याची शक्यता कमी आहे. सरासरीने ती झाकलेली असण्याची शक्यता अधिक. काही शे चौकोनांत अतिगडद चौकोन मूठभरच असतात आणि त्यांची चूक बाकीच्यांच्या अचूकतेत विरून जाते. म्हणून नवा तक्ता छापण्याआधी असलेल्या मोजमापांतील फक्त तळाचा भाग पाहायचे ठरले.

तळाच्या पायऱ्या

तिथे उत्तर होते. आर, जी आणि बी तिन्ही शून्य असलेल्या चौकोनाचे, म्हणजे शक्य तितक्या काळ्याचे, एल मूल्य १८.४ होते. तिन्ही १२ असलेल्या चौकोनाचे १७.९, आणि २४ असलेल्याचे १७.८. लॅबमध्ये एल जितके कमी तितका रंग गडद, त्यामुळे या पायऱ्या क्रमाने उजळत जायला हव्या होत्या; इथे त्या प्रथम किंचित गडद होत होत्या आणि मग सपाट राहत होत्या. सर्वांत काळा भाग शेजारच्यापेक्षा फिकट दिसण्याचे कोडे इथे सुटले.

याचे कारण शाईचे प्रमाण होते. मॅट कागदाचा थर ठरावीक शाईच सामावून घेतो. त्यापलीकडे टाकलेली शाई गडदपणा वाढवत नाही. ती पसरते, एकमेकींत मिसळते, पृष्ठभागावर साचते आणि मोजमापात उलट किंचित उजळ येऊ शकते. भिंगातून पाहिल्यावर या प्रिंटवरच्या काळ्यात बारीक पांढऱ्या रेषांच्या कडा दातेरी झालेल्या दिसत होत्या आणि सलग काळ्या पट्ट्यावर ढगाळ ठिपके होते. भिजलेल्या मातीवर आणखी पाणी ओतले तर ती अधिक ओली होत नाही, नुसता चिखल होतो, तसा हा प्रकार होता.

प्रोफाइलच्या दृष्टीने याचा परिणाम अधिक गंभीर होता. उलट दिशेचा तक्ता बनवताना सॉफ्टवेअरला विचारले जाते, की १७.८ एल हवे असेल तर कोणते आकडे पाठवू? पायऱ्या एकाच दिशेने चढत असतील तर उत्तर एकच असते. इथे १२ पासून २४ पर्यंत जवळपास प्रत्येक आकडा हे उत्तर ठरत होता. सॉफ्टवेअर त्यातला एक निवडते, शेजारच्या मूल्याला दुसरा निवडते आणि मग उतार गुळगुळीत करण्यासाठी सरासरी काढते. चौकोन वाढवले असते तर हाच सपाट भाग अधिक बारकाईने मोजला गेला असता, एवढेच.

कागदाच्या पाकिटावरची सूचना चुकीची होती असे मी म्हणणार नाही. अशा सूचना अनेक प्रिंटर-मॉडेलांना मिळून एकच दिलेल्या असतात आणि सेटिंग निवडताना कागदाची जाडी व हेडची उंची यांचाही विचार केलेला असतो. मात्र शाईच्या प्रमाणाबाबत ती सूचना शेवटचा शब्द मानणे धोक्याचे असते.

सेटिंगची निवड

आता प्रोफाइल बाजूला ठेवून ड्रायव्हरमधील मॅट ब्लॅक वापरणाऱ्या सेटिंग्ज एकेक करून तपासल्या. प्रत्येकीसाठी एक छोटा तक्ता पुरेसा होता : काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या पायऱ्या, त्यातही तळाला दाट, निळसर (सायन), किरमिजी, पिवळा, लाल, हिरवा व निळा यांच्या पट्ट्या, आणि काळ्यात कोरलेल्या केसासारख्या पांढऱ्या रेषा. निकष तीन ठेवले : पायऱ्या एकाच दिशेने जातात का, रेषा स्वच्छ राहतात का, आणि गडद संपृक्त रंग किती टिकतात.

कमी शाईच्या एका सेटिंगमध्ये शून्याचे एल १७.६, बाराचे १९.० आणि चोविसाचे २०.९ आले. म्हणजे शाई कमी टाकूनही काळा अधिक गडद झाला आणि पायऱ्या सुट्या झाल्या. याची किंमत गडद निळ्या व जांभळ्या रंगांत मोजावी लागली. ते थोडे फिके पडले. मालिकेत असे रंग जवळपास नव्हते, म्हणून हा सौदा मान्य झाला. फुलांची किंवा कापडांची छायाचित्रे असती तर मी याच सेटिंगचा आग्रह धरला नसता. मूळ सेटिंग ठेवून ड्रायव्हरमधील कलर डेन्सिटी थोडी कमी करण्याचा मधला मार्ग आधी पाहिला असता. नवी सेटिंग पातळ कागदासाठी असल्यामुळे हेड घासू नये म्हणून प्लॅटन गॅप (हेड आणि कागद यांतील अंतर) मात्र हाताने वाढवावी लागली. प्रोफाइल ज्या सेटिंग्जवर बनते त्या सर्वच्या सर्व पुढे तशाच ठेवाव्या लागतात, म्हणून मीडिया टाइप, रिझोल्यूशन, गॅप आणि छपाईची दिशा हे सारे ड्रायव्हरमध्ये एका नावाने साठवून ठेवले आणि तेच नाव प्रोफाइललाही दिले.

दुसरे प्रोफाइल याच सेटिंगवर, पुन्हा ९१८ चौकोनांनी बनले. फक्त करड्या अक्षाभोवती, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या छटांच्या आसपास, काही अधिक चौकोन घातले. पडताळणीची सरासरी १.१ वर आली, पण या वेळी आम्ही सरासरीपेक्षा तळाच्या पायऱ्यांकडे अधिक लक्ष दिले.

बरायटा कागद आणि अतिनील प्रकाश

बरायटा कागदाला शाईच्या प्रमाणाची अडचण नव्हती. तिथे काळ्याचे एल ४ च्या आसपास होते आणि पायऱ्या नीट होत्या. तिथला प्रश्न मोजमापाच्या पद्धतीचा होता. ब्राइटनर अदृश्य अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात, त्यामुळे कागद अधिक पांढरा भासतो. मोजमापात हा परिणाम किती धरायचा यासाठी २००९ च्या आयएसओ १३६५५ मध्ये वेगवेगळ्या अटी आहेत : एम० मध्ये टंगस्टन दिव्यासारखा प्रकाश, एम१ मध्ये अतिनील भागासह डी५०, एम२ मध्ये अतिनील भाग वगळलेला, आणि एम३ मध्ये त्याशिवाय ध्रुवीकरण गाळणीही.

छापलेल्या भागात शाईचा थर अतिनील प्रकाश अडवतो. म्हणून एम१ ने मोजले तर कोरा कागद निळसर येतो आणि करड्या छटा त्याच्या तुलनेत पिवळसर येतात. रिलेटिव्ह कलरिमेट्रिक पद्धतीत कागदाचा पांढरा हाच संदर्भ असल्याने प्रोफाइल त्या छटांत निळे मिसळून त्या कागदाशी जुळवते. मग तीच प्रिंट अतिनील नसलेल्या प्रकाशात टांगली, की कागदाचा निळसरपणा जातो, शाईतले निळे मात्र उरते. तयार प्रोफाइलमध्ये दिसणारी थंड झाक याच प्रकारची असावी, असा आमचा अंदाज होता.

म्हणून प्रदर्शनाच्या जागी कोणते दिवे आहेत, हे विचारले. ते पांढरे एलईडी होते आणि निळ्या चिपवर आधारलेल्या अशा दिव्यांत अतिनील भाग जवळपास नसतो. यावरून एम२ ची निवड झाली. एम१ हे मानक आहे म्हणून तेच वापरावे, असाही एक मतप्रवाह आहे आणि ज्यांच्या प्रिंट अनेक हातांतून जातात त्यांच्यासाठी तो योग्यच आहे. इथे मात्र पाहण्याची जागा ठरलेली होती. दोन्ही पद्धतींची प्रोफाइल्स बनवून, एकेक कृष्णधवल प्रिंट त्याच प्रकारच्या दिव्याखाली शेजारी ठेवली, तेव्हा एम२ वाली तटस्थ दिसली; खिडकीतल्या दिवसाच्या प्रकाशात तीच किंचित उबदार वाटली.

कृष्णधवल चित्रांचा बदललेला निर्णय

राखून ठेवलेली कृष्णधवल पद्धत दोन्ही कागदांवर करून पाहिली. एकटी पाहिली तर ती प्रिंट अत्यंत देखणी होती. पण प्रोफाइलमधून काढलेल्या रंगीत प्रिंटशेजारी ठेवल्यावर दोघींतील करड्यांचा मेळ बसेना. रंगीत चित्रातील राखाडी भिंत आणि शेजारच्या कृष्णधवल चित्रातील भिंत वेगळ्या तापमानाच्या दिसत. छायाचित्रकारांनी संपूर्ण मालिका एकाच वाटेने, म्हणजे स्वतंत्र प्रोफाइलमधून छापायचे ठरवले. मला स्वतःला त्या खास पद्धतीतल्या प्रिंट अधिक आवडल्या होत्या, पण भिंतीचा विचार करता त्यांचा निर्णय बरोबर होता.

परिणाम

मॅट कागदावर सालीचा पोत आणि कापडाच्या चुण्या परत आल्या. तरीही १७.६ हा काळा बरायटाच्या ४ च्या जवळपासही जात नाही, आणि हे कोणतेही प्रोफाइल बदलू शकत नाही. सॉफ्ट प्रूफमध्ये (प्रिंट कशी दिसेल ते मॉनिटरवर आधी दाखवणाऱ्या सोयीत) कागदाचा पांढरा व काळा दोन्ही दाखवणारा पर्याय चालू करून छायाचित्रकारांनी प्रत्येक चित्र पुन्हा पाहिले. काहींचे मधले टोन थोडे उचलले. ज्यांचा सारा जीव खोल काळ्यात होता ती चित्रे सरळ बरायटावर हलवली. बहुतेक चित्रे ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनसह (चित्रातील सर्वांत काळा कागदाच्या काळ्याशी जुळवून) रिलेटिव्ह कलरिमेट्रिकने छापली, मोजक्या संपृक्त चित्रांना परसेप्च्युअल (सगळे रंग एकमेकांच्या प्रमाणात आकसणारी पद्धत) अधिक मानवले.

बरायटाच्या बाबतीत, करड्यांतील झाक सोडली तर स्वतंत्र प्रोफाइलने फारसे काही दिले नाही. रंगीत चित्रे तयार प्रोफाइलमधून काढलेली आणि नव्यातून काढलेली अशी न सांगता ठेवली असता छायाचित्रकारांना खात्रीने ओळखता आली नाहीत. पिगमेंट शाईच्या आजच्या प्रिंटरमध्ये एका युनिटपासून दुसऱ्यापर्यंतचा फरक पुष्कळदा लहान असतो, हे लक्षात घेता यात नवल नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, छोटा पायऱ्यांचा तक्ता हा पहिल्या मोठ्या तक्त्याच्या आधी छापायला हवा होता. त्याला एक पान पुरते; त्याच्याअभावी मॅट कागदाचा पहिला पूर्ण तक्ता, त्याचे वाळणे आणि मोजमाप वाया गेले.

दुसरे, प्रदर्शनाच्या जागेतील दिव्यांची चौकशी कागद निवडतानाच केली असती, तर ब्राइटनर नसलेला बरायटा कागद घेण्याचा विचार झाला असता. तसे कागद मिळतात, आणि मग एम१ की एम२ हा प्रश्नच उरला नसता.

तिसरे नियंत्रण पट्टीबाबतचे. दोन्ही प्रोफाइल्स बनली त्याच दिवशी, त्याच पानाच्या कडेला काही करड्या व मूळ रंगांचे चौकोन असलेली पट्टी छापून मोजून ठेवायला हवी होती. नंतर शाईचे कार्ट्रिज किंवा कागदाचा नवा लॉट बदलला, की तीच पट्टी छापून किती सरकले ते पाहता येते. इथे ती पट्टी निम्मी मालिका छापून झाल्यावर तयार झाली. पुढे मॅट कागदाचा नवा लॉट आला तेव्हा कोऱ्या कागदाचे लॅबमधील बी मूल्य पहिल्यापेक्षा ०.६ ने अधिक, म्हणजे किंचित पिवळसर आले. करड्या पायऱ्या जवळपास जागच्या जागी होत्या, म्हणून प्रोफाइल न बदलता तेच चालू ठेवले. पट्टी तयार होण्याआधी बदललेल्या मॅट ब्लॅकच्या कार्ट्रिजने काही फरक पडला होता का, हे तपासायला मात्र आधीचे आकडे हाताशी नव्हते. तो बदल होण्यापूर्वी आणि नंतर छापलेल्या प्रिंट एकमेकींशेजारी ठेवून डोळ्यांनी पाहण्यावरच भागवावे लागले.